मानेवरचा हात

आमच्या खानदानात निकाहच्या वेळी नवरीजवळ कोण बसणार, हा प्रश्न वीस वर्षांत कुणाला पडला नाही. मीच बसते. भावाच्या, चुलत्यांच्या, नणंदांच्या आणि माझ्या मिळून नऊ मुली माझ्या हाताखालून गेल्या. त्यांतली एक माझी स्वतःची. हाताखालून गेल्या हे मी शब्दशः सांगते आहे. ओढणीच्या आतून नवरीच्या मानेवर जो हात असायचा, तो माझा.

ज्यांनी आमच्यातलं लग्न पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल. आमच्यात नवरा बाहेर पुरुषांत बसतो आणि नवरी आत बायकांत. काझी नवरीपाशी येत नाहीत. तिच्याकडचा एक वडीलधारा पुरुष तिचा 'वकील' होतो. तो दोन साक्षीदार घेऊन आत येतो आणि अमक्याच्या मुलाशी, एवढ्या मेहरवर, म्हणजे नवऱ्याने मुलीला द्यायच्या रकमेवर, तुझा निकाह लावायला इजाजत आहे का, असं तीनदा विचारतो. तिने हो म्हणायचं आणि सही करायची. मग वकील बाहेर जाऊन काझींना सांगतो, मुलीची परवानगी आहे. त्यानंतर नवऱ्याला विचारतात.

आमच्या घरचे ठरलेले वकील म्हणजे आमचे हे. यांनी चाळीस वर्षं बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर काढली. पत्रा ठोकून ठोकून मशीनने यांचे कान खाल्ले. शेजारी कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या तरी हे पेपरातून मान वर करत नाहीत. आता नवरी आधीच लाजलेली, तोंडावर ओढणी, भोवती बायकांचा कलकलाट. ती काहीतरी पुटपुटणार आणि हे दारात उभे राहून "आँ? आँ?" करणार. पहिल्याच लग्नात तसं झालं. बायकांची हसून हसून मुरकुंडी वळली आणि ती बिचारी नवरी रडायला लागली. तेव्हा मी शक्कल काढली. नवरीच्या मागे चिकटून बसायचं, ओढणीखालून हात घालून मानेवर ठेवायचा, आणि यांनी विचारलं की हलकेच पुढे दाबायचा. मान हलली, यांना दिसली, काम झालं. "आपा, तू बसलीस की दोन मिनिटांत उरकतं," असं माझा धाकटा भाऊ म्हणायचा. मला ते कौतुक आवडायचं. खोटं कशाला बोलू?

आणि वर धर्माचा आधार होता. मी काही मदरशात शिकलेली बाई नाही. कागलकडची मुलगी मी, घरात मराठी, शाळा मराठी. लग्न होऊन बेंगळुरूला आले तेव्हा माझी उर्दू ऐकून शेजारणी पदर तोंडाला लावून हसायच्या. म्हणून मी इरेला पेटून शिकले. इतकी शिकले की आता दर गुरुवारी दुपारी के. आर. पुरमच्या माझ्या घरात गल्लीतल्या पंधरा-वीस बायका जमतात आणि मी त्यांना पुस्तकातून हदीस वाचून दाखवते, म्हणजे पैगंबरसाहेबांची वचनं आणि त्यांच्या आठवणी. तिथे मी किती वेळा सांगितलं असेल, की कुमारिकेचं गप्प राहणं हाच तिचा होकार. हे पैगंबरसाहेबांचं सांगणं आहे, माझ्या घरचं नव्हे. बायका "हौ, हौ" करायच्या. शास्त्र माझ्याकडे, हात माझा. ज्याच्या हाती ससा तो पारधी, तशातली गत.

माझी भाची, म्हणजे त्याच धाकट्या भावाची मुलगी, चार वर्षांपूर्वी नोकरीसाठी इथे आली आणि माझ्याकडेच राहिली. मारतहळ्ळीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. "दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार मिळतो मला, फुफी," असं म्हणते. घरातही तो उद्योग फुकट चालू असतो. गुरुवारी ती घरून काम करायची. आतल्या खोलीत लॅपटॉप मांडून बसायची आणि एक कान आमच्याकडे.

एकदा मी गप्प राहण्याची ती हदीस सांगत होते, तर दारात येऊन उभी राहिली.

"फुफी, नवरा गप्प बसला तर?"

"नवरा कशाला गप्प बसेल?"

"लाजला तर?"

"लाजायला तो काय मुलगी आहे?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. ती हसली नाही. "मग त्याचं गप्प बसणं काय धरायचं, तेवढं सांग," म्हणाली. मी म्हटलं, चहा टाक आधी. तिने चहा टाकला आणि विषय तिथेच संपला, असं मला वाटलं.

तिचं लग्न जुळलं ते सगळ्यांच्या मनासारखं. मुलगा इथलाच, कॉलेजात शिकवणारा. दोघं दोनदा भेटले. घरी येऊन तिने बापाला फोनवर सांगितलं, मला पसंत आहे. त्यामुळे कुणाच्या मनात शंकेला जागाच नव्हती. निकाहच्या आदल्या संध्याकाळी मेंदी वाळवत बसली होती, तेव्हा मला म्हणाली, "फुफी, उद्या माझ्या मानेवर हात ठेवायचा नाही."

"बरं बाई."

"खरंच सांगते. मी बोलणार आहे."

"बोल की. कोण नको म्हणतंय?"

मी हे लहान मुलाला चॉकलेट देते म्हणतात तसं म्हटलं होतं. हे आज कबूल करते.

हॉल आमच्याच भागातला. दुपारच्या नमाजनंतरची वेळ ठरली होती, पण पाहुणे उशिरा आले, आणि त्या हॉलमध्ये संध्याकाळी दुसरं लग्न होतं. हॉलचा माणूस दर दहा मिनिटांनी दाराशी येऊन "अक्का, स्वल्प बेगा, स्वल्प बेगा", ताई, जरा लवकर, असं कन्नडमध्ये करत होता. बिर्याणीची हंडी उघडलेली. बायकांची पोरं भुकेने किरकिरायला लागलेली. मी नवरीच्या मागे जाऊन बसले आणि माझा हात आपसूक ओढणीखाली गेला. मी तो मुद्दाम घातला असं मला आठवत नाही. घातला नाही असंही म्हणता येणार नाही.

हे दारात आले, मागे दोन साक्षीदार. यांनी आपल्या खणखणीत आवाजात पहिल्यांदा विचारलं. भाचीने श्वास घेतलेला मला कळला. तिचे खांदे वर झाले. पण शेजारून कुणीतरी म्हणालं, "जल्दी करो बीबी, बच्चे भूके हैं," आणि मी तिसऱ्यांदा विचारायची वाटही न बघता दाबलं. मान ताठ होती. मी आणखी दाबलं. मान हलली.

"हो गया," म्हणून हे वळले.

आणि भाचीने एका हाताने तोंडावरची ओढणी मागे टाकली, दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं आणि सगळ्या बायकांना दिसेल असं वर उचललं.

"फुफाजी! मी काहीच बोलले नाही. मान फुफीनं हलवली!"

यांना अर्थातच ऐकू गेलं नाही. हे आपले चालत बाहेर निघाले. शेवटी एका साक्षीदाराने यांची बाही धरून यांना थांबवलं. नाहीतर त्या दिवशी तो निकाह लागून गेला असता.

माझा हात अजून हवेत होता. पन्नास-साठ बायका त्याच्याकडे बघत होत्या. चोरी करताना पकडलेल्या माणसाला काय वाटत असेल ते मला त्या दिवशी समजलं. मला आधी तिचाच राग आला. तळपायाची आग मस्तकात गेली. चार वर्षं हिला खाऊ-पिऊ घातलं, आणि ही माझे असे पांग फेडते? एका कोपऱ्यात माझी मुलगी आपल्या धाकट्या पोराला भरवत बसली होती, भाचीच्या लग्नासाठी म्हणून तमिळनाडूतल्या आंबूरहून आलेली. ती उठली आणि खोलीबाहेर गेली. मला वाटलं, तिला माझी लाज वाटली.

नवऱ्या मुलाची आई माझ्या अगदी समोर होती. तिचा चेहरा पांढरा पडला. "लडकी राजी नहीं क्या?" तिने हळूच विचारलं. बाहेर कुजबुज पोचली असणार, कारण माझा भाऊ चपला न काढताच आत आला.

"आपा, काय झालं? काय गं, काय झालं? तूच पसंत म्हणालीस ना?"

"म्हणाले, अब्बा. अजूनही म्हणते."

"मग हा काय तमाशा?"

"पण मला विचारायला हवं ना कुणीतरी? तुम्ही सगळे माझ्या मानेला विचारताय."

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. आपा आता काहीतरी करेल, आपा निस्तरेल, असं त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. आणि मी उभी राहिले. गुरुवारच्या बैठकीतला आवाज काढला. म्हणाले, शरियतमध्ये कुमारिका गप्प बसली तरी होकार धरतात, ही मुलगी उगीच शहाणपण करते आहे, पाहिजे तर काझींना बोलवा आणि त्यांच्या तोंडून ऐका.

काझींना मी बोलावलं. कुणी दुसऱ्याने नव्हे.

या भागातले बरेचसे निकाह हेच काझी लावतात. सत्तरीच्या पुढचे, काटकुळे, मान किंचित हलत असते. आमच्याकडची लग्नं इथेच बेंगळुरूत होतात, म्हणून माझ्या नऊही मुलींचे निकाह त्यांनीच लावलेले. ते पडद्याच्या पलीकडे खुर्ची घेऊन बसले. भावाने अडखळत अडखळत सगळं सांगितलं. ते शांत ऐकत राहिले आणि मग त्यांनी विचारलं, "हाथ किसका था?"

"मेरा," मी म्हणाले.

"बच्ची बोलने वाली थी?"

भाची म्हणाली, "हौ जी. बोलने वाली थी."

"तो फिर ये इजाजत नहीं हुई," काझी म्हणाले.

मला वाटलं, म्हातारा चुकून बोलून गेला. मी ती हदीस म्हणून दाखवली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाले, बराबर है. पण ती कुठून आली ते सांगा. पैगंबरसाहेबांनी सांगितलं की मुलीला विचारल्याशिवाय तिचा निकाह लावू नका. लोकांनी विचारलं, ती लाजून बोललीच नाही तर? तेव्हा ते म्हणाले, तिचं गप्प राहणंच होकार समजा. "वो बच्ची की आसानी के वास्ते था, बीबी. हमारी आसानी के वास्ते नहीं." आधी विचारणं, मग गप्प राहणं. आणि गप्प राहणंही तिचं स्वतःचं. कुणी तोंड दाबून गप्प बसवलेलं नाही. ती आवाज काढून रडली तरी थांबायचं असतं, का रडते ते विचारायचं असतं, असं आमचे जुने आलिम, म्हणजे धर्मपंडित, लिहून गेलेत, असंही ते म्हणाले.

मी ऐकत होते आणि मला नऊ ओढण्या दिसत होत्या. त्यांतल्या किती रडल्या होत्या! आम्ही म्हणायचो, माहेर सुटतंय म्हणून रडते.

मग त्यांनी एक हकिगत सांगितली. एका बापाने मुलीला न विचारता आपल्या पुतण्याशी तिचं लग्न लावलं. ती मुलगी थेट पैगंबरसाहेबांकडे गेली. त्यांनी निर्णय तिच्या हाती दिला: ठेवायचं तर ठेव, मोडायचं तर मोड. ती म्हणाली, बापाने केलं ते मला मान्य आहे, पण यात बापांची सत्ता चालत नाही हे बायकांना कळावं म्हणून मी आले.

"ये बच्ची भी वैसीच है," पडद्याकडे बोट करून काझी म्हणाले.

मी भाचीकडे पाहिलं. तिला ही हकिगत आधीपासून ठाऊक होती, हे तिच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं. वीस वर्षं पुस्तक मांडीवर घेऊन बसणारी मी, आणि मलाच ठाऊक नव्हती. मला रडू यायला हवं होतं, पण माझा पाराच चढला.

"काझीसाब," मी पडद्यातून ओरडलेच, "तुम्हाला हे सगळं माहीत होतं, तर इतकी वर्षं सांगितलं का नाही? माझ्या नऊ मुलींचे निकाह तुम्ही लावलेत!"

मी मराठीत ओरडले होते, पण त्यांना समजलं.

"पूछा कौन?" ते म्हणाले. "मैं बाहर बैठतूं. वकील आके बोलता, इजाजत है. अंदर किसका हाथ है, मेरेकू क्या मालूम? कोई औरत कभी पूछी नहीं." मग जरा खालच्या आवाजात, "मेरा भी गुनाह है. मुझे पूछना था."

म्हातारा असं काही कबूल करेल, अशी कुणाची अपेक्षा नव्हती. माझ्या भावाचं तोंड उघडंच राहिलं. भांडायला उभी राहिलेली बाई, आणि समोरचा माणूस भांडतच नाही, म्हटल्यावर करायचं काय?

"मग आधीच्या मुलींचं काय?" एवढंच मी विचारू शकले.

"उनसे पूछो," ते म्हणाले. "मुझसे नहीं."

नंतरचं सगळं पाच मिनिटांत झालं. हे पुन्हा दारात आले. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. यांनी विचारलं. भाचीने हॉलच्या पंख्यांच्या वर जाईल अशा आवाजात सांगितलं, "मला हा निकाह मंजूर आहे." यांनी दुसऱ्यांदा विचारलं, तिने दुसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा तर नवऱ्या मुलाच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. वीस वर्षं वकील झालेला माझा नवरा पहिल्यांदाच नवरीचा आवाज ऐकत होता. "ऐकू आलं, ऐकू आलं," असं दोनदा म्हणाला आणि उगीचच खिशातला रुमाल काढून चष्मा पुसायला लागला. बाहेर नवऱ्याला विचारलं तेव्हा तोही नेहमीपेक्षा मोठ्याने बोलला म्हणे. बिर्याणी गार झाली होती. सगळ्यांनी ती खाल्ली, आणि कुणी तक्रार केली नाही.

घरी आल्यावर मी पहिल्यांदा ते पुस्तक काढलं. तेच, गुरुवारचं. खूण घातलेलं पान काढलं. मी दर वेळी जिथून वाचायचे त्या ओळीच्या वर, मुलीला विचारल्याशिवाय निकाह नको, हे स्वच्छ छापलेलं होतं. मी मधूनच वाचायला सुरुवात करायचे. आणि पान उलटलं तर पलीकडे, जिचा निकाह तिच्या मनाविरुद्ध लावला होता अशा एका बाईची हकिगत. पैगंबरसाहेबांनी तो निकाह रद्द ठरवला होता. उलटायचं होतं फक्त एक पान. कुणी लपवलं नव्हतं, कुणी फाडलं नव्हतं. मी माझ्या हाताला सोयीचा होता तेवढाच तुकडा उचलला होता, आणि तो पैगंबरसाहेबांचा शब्द म्हणून पंधरा-वीस बायकांना वाटला होता. कुणा मौलवीने मला फसवलं असतं तर मला बरं वाटलं असतं. निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला स्टेशनवर सोडायला गेले. के. आर. पुरमवरून आंबूरची गाडी सोयीची पडते. तिला आम्ही आंबूरला दिली त्याला बारा वर्षं झाली. जावई चामड्याच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. शांत माणूस, सिगरेटसुद्धा ओढत नाही. स्थळ आलं तेव्हा ती बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. परीक्षा झाल्यावर बघू, असं ती म्हणत होती. आम्ही म्हटलं, लग्नानंतर दे की परीक्षा, कोण अडवतंय. ती परीक्षा राहिली ती राहिलीच. तिथे गेल्यावर तमिळ शिकावी लागली, मग पहिला मुलगा, मग दुसरा.

गाडीला अवकाश होता. थोरला बाकावर बसून पाय हलवत होता, धाकटा तिच्या कुशीत पेंगलेला. काझींचं वाक्य रात्रभर माझ्या डोक्यात होतं. उनसे पूछो. नऊ जणींना विचारायचं होतं, आणि पहिली माझ्या शेजारीच बसली होती. तरी मी आधी पाण्याची बाटली आणली, बिस्किटं आणली, थोरल्याच्या शर्टाचं बटण लावलं.

मग म्हटलं, "तुला एक विचारू?"

"विचार ना, अम्मी."

"तुझ्या वेळी... तू राजी होतीस ना?"

ती रुळांकडे बघत होती. तिला या प्रश्नाचं आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. उलट, किती उशीर केलास, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं.

"मी नको म्हणाले होते," ती म्हणाली.

"कुणाला? कधी?"

"तिथेच. अब्बा विचारत होते तेव्हा. तिन्ही वेळा म्हणाले."

"अगं, अब्बांना कुठे ऐकू..."

"अब्बांना ऐकू येत नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी अब्बांना सांगतच नव्हते. तुला सांगत होते. तू माझ्या कानाशी बसली होतीस."

मी बाकाची कड धरली. "पण जावई..." असं काहीतरी मी बोलले असेन, कारण ती म्हणाली, "हो, माणूस चांगला निघाला. ते तुझं नशीब, अम्मी. मला कुणी विचारलं नव्हतं."

त्या क्षणी मी खूप काही म्हणू शकले असते. बायकांचा गलका होता. सगळ्याच नवऱ्या नको म्हणतात. मला वाटलं, लाजतेस. ही सगळी उत्तरं माझ्याकडे बारा वर्षांपासून तयार होती, आणि तयार होती याचाच मला आता धक्का बसला. ज्याला काही ऐकू आलेलं नसतं, त्याच्याकडे उत्तरं तयार कशी असतील? तो छोटा आवाज मला बाकावर बसल्या बसल्या परत ऐकू आला, माझ्या उजव्या गालाजवळून, मराठीत. बाकीच्या बायकांना कळू नये म्हणून मराठीत. नको ना, अम्मी.

"ऐकू आलं होतं मला," मी म्हणाले.

"माहीत आहे," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा तुझा हात थरथरला होता. मग तू जोर लावलास."

गाडीची घोषणा झाली. तिने धाकट्याला खांद्यावर घेतलं, थोरल्याला हाक मारली, आणि बॅग उचलायला मी पुढे केलेला हात बाजूला करून ती तिने स्वतःच उचलली.